विमानातला रोजा कुठल्या घड्याळाने सोडायचा?

मुंबईहून जेद्दाला निघालेल्या विमानात रोजा ठेवून बसलेल्या माणसाने इफ्तार कधी करायचा? मुंबईत मगरिबची अजान होते तेव्हा, जेद्दात होते तेव्हा, की ज्या गावावरून विमान चालले आहे त्या गावच्या वेळेला? रमजानच्या महिन्यात अनेक घरांत हा प्रश्न निघतो. या महिन्यातल्या उमराहचा सवाब मोठा मानला जातो, त्यामुळे मालेगाव, सोलापूर, मिरज, नांदेड अशा गावांतूनही माणसे या दिवसांत मक्का-मदिनेच्या वाटेला लागतात. शिवाय आखातात नोकरीला असलेला मुलगा ईदला घरी येत असतो, अमेरिकेतल्या लेकीकडे आई निघालेली असते. या सगळ्यांच्या हातात तिकीट असते आणि तिकिटावर दोन वेळा छापलेल्या असतात. एक निघण्याची, एक पोहोचण्याची. दोन्ही खऱ्या असतात, पण दोन वेगवेगळ्या देशांच्या घड्याळांवरच्या. मधल्या वाटेवरचा मगरिब मात्र तिकिटावर कुठेच छापलेला नसतो.

उत्तर थोडक्यात सांगायचे तर रोजा घड्याळाने नव्हे, सूर्याने सुटतो. पहाट फुटताना माणूस जिथे असेल तिथे त्याचा रोजा सुरू होतो आणि सूर्य मावळताना तो जिथे असेल तिथे संपतो. विमानातल्या प्रवाशाला खिडकीतून सूर्य दिसत असेल तर त्याच्यासाठी दिवस अजून संपलेला नाही. खाली जमिनीवरच्या मशिदीत लोक खजूर तोंडात टाकून नमाजला उभे राहिले असले तरीही. हा नियम सोपा आहे. त्यामागचे गणित समजले की प्रवासाचा बेतही नीट आखता येतो.

गावोगावचा मगरिब

हे गणित आपल्याला अगदीच अनोळखी नाही. संकष्टी चतुर्थीचा उपवास करणारे घर दिनदर्शिकेतले चंद्रोदयाचे कोष्टक पाहते, आणि त्या कोष्टकात मुंबई, पुणे, नागपूर, गोवा यांच्या वेळा वेगवेगळ्या असतात. नागपूरच्या सुनेने मुंबईच्या सासूबाईंना फोन करून ‘आमचा चंद्र दिसला, तुम्ही सोडा उपवास’ असे म्हणून चालत नाही. रमजानच्या सहर-इफ्तारच्या वेळापत्रकाचेही तसेच आहे. प्रत्येक शहराचे वेळापत्रक वेगळे छापलेले असते आणि शेजारच्या जिल्ह्यांसाठी इतकी मिनिटे मिळवा, इतकी वजा करा, अशी टीप खाली असते.

पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एक अंश फिरायला तिला ४ मिनिटे लागतात. मुंबई साधारण ७३ रेखांशावर आणि नागपूर ७९ रेखांशावर. सहा अंशांचा फरक म्हणजे सुमारे २५ मिनिटे. विषुवदिनाच्या सुमारास नागपूरच्या मोमिनपुऱ्यात इफ्तार आटोपतो तेव्हा मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर लोक अजून भज्यांची ताटे मांडत असतात. सोलापूर आणि मुंबईत हाच फरक साधारण १२ मिनिटांचा आहे. घड्याळे सगळ्यांची सारखी, कारण देशाची प्रमाणवेळ एक. सूर्य मात्र प्रमाणवेळ मानत नाही.

आपल्या अक्षवृत्तावर एक अंश म्हणजे जमिनीवरचे सुमारे १०५ किलोमीटर. म्हणजे पश्चिमेला २६ किलोमीटर सरकले की सूर्यास्त एका मिनिटाने पुढे जातो. एसटीने जाणाऱ्याला याचे फारसे काही वाटत नाही. तासाला ५० किलोमीटर गेला तरी दोन मिनिटांचाच फरक पडतो. पण विमान तासाला ९०० किलोमीटर जाते. पश्चिमेकडे उडणाऱ्या विमानात तासाभराच्या उड्डाणामागे मगरिब ३४ मिनिटांनी दूर पळतो. घड्याळ तासभर पुढे सरकते, पण सूर्य मावळतीकडे अर्ध्या तासापेक्षाही कमी सरकलेला असतो.

जाताना देणे, येताना घेणे

मुंबई आणि जेद्दा या दोन विमानतळांतले हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. जाताना साधारण सव्वापाच ते साडेपाच तास लागतात, येताना त्याहून अर्धा-पाऊण तास कमी. अंतर तेच, विमान तेच, मग वेळ वेगळा का? कारण वरच्या हवेत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात आणि हिवाळ्यात व वसंतात ते आपल्या उत्तरेकडे विशेष जोरात असतात. जेद्दाकडे जाणारे विमान वाऱ्याच्या तोंडावर उडते, परतताना तोच वारा पाठीशी असतो. शिवाय तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत सरकत जाण्याचा, रांगेत थांबण्याचा आणि उतरण्यापूर्वी आकाशात घिरट्या घालण्याचा वेळही धरलेला असतो. मुंबईच्या विमानतळावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत, दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. त्यामुळे ही रांग मुंबईकरांना चांगली ओळखीची आहे.

आता रोजाचा हिशेब पाहू. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस आणि रात्र सारखे असतात, त्या दिवसांचे उदाहरण घेऊ. मुंबईत पहाट साडेपाचच्या सुमारास फुटते आणि सूर्य सहा वाजून पन्नास मिनिटांच्या आसपास मावळतो. घरी राहणाऱ्याचा रोजा साधारण सव्वातेरा तासांचा झाला. त्याच दिवशी मुंबईत सहर करून दुपारी चारच्या विमानाने निघालेल्या माणसाला सूर्यास्त भेटतो तो जेद्दाजवळ. तेव्हा तिथे साडेसहा वाजून गेलेले असतात आणि आपल्याकडे रात्रीचे नऊ. सौदी अरेबियाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. या माणसाचा रोजा साडेपंधरा तासांचा झाला, म्हणजे घरच्यांपेक्षा सव्वादोन तास जास्त.

परतीचा प्रवास मात्र उलटा. जेद्दात पहाटे सव्वापाचच्या सुमारास सहर संपली, तेव्हा आपल्याकडे पावणेआठ वाजलेले असतात. सकाळच्या विमानाने निघून तो माणूस मुंबईत पोहोचला आणि संध्याकाळी मुंबईच्या अजानला त्याने इफ्तार केला, तर त्याचा रोजा जेमतेम अकरा तासांचा. साडेपंधरा आणि अकरा यांची बेरीज साडेसव्वीस, आणि सव्वातेराची दुप्पटही तेवढीच. जाताना सूर्याने घेतलेले सव्वादोन तास येताना तो परत देतो, त्यात मिनिटाची लबाडी नाही. फरक एवढाच की रमजानमध्ये गेलेला माणूस ईदनंतर परतला, तर हे येणे त्याच्या पदरात रोजाच्या रूपाने पडत नाही.

याच वाटेवर आणखी एक रेषा येते, मीकातची. मक्केला उमराह किंवा हजसाठी जाणाऱ्याने ठराविक सीमेच्या आत शिरण्यापूर्वी एहराम, म्हणजे न शिवलेल्या दोन पांढऱ्या चादरी, परिधान करून नियत करायची असते. पूर्वी काफिला त्या जागी थांबत असे. विमान थांबत नाही. ते मिनिटाला १५ किलोमीटर या वेगाने ती रेषा ओलांडून जाते. म्हणून जेद्दाला जाणाऱ्या विमानांत मीकात जवळ आल्याची घोषणा आधीच केली जाते आणि अनेक यात्रेकरू मुंबईच्या विमानतळावरच एहराम बांधून बसतात.

समुद्रावरचे पंधरा दिवस

साडेपाच तास लांब वाटत असतील तर जुन्या हाजींच्या घरी विचारावे. मुंबईहून जेद्दाला जाणारी हजची जहाजे १९९५ पर्यंत चालत होती. समुद्रमार्गाने हे अंतर सुमारे २,३०० सागरी मैल, म्हणजे ४,२५० किलोमीटरच्या आसपास, आणि जुन्या जहाजांना ते कापायला बारा-पंधरा दिवस लागत. अरबी समुद्र, एडनचे आखात, मग तांबडा समुद्र. गावाकडचा यात्रेकरू आधी मुंबईत यायचा, मुसाफिरखान्यात दिवस काढायचा आणि मग बंदरावर जायचा. निरोप देताना नातेवाईक एकमेकांची चूकभूल माफ करून घेत, कारण परत येण्याची खात्री नसे.

त्या प्रवासात मगरिबचा प्रश्न पडत नसे. जहाज दिवसाला जेवढे पश्चिमेला सरकायचे तेवढ्यात सूर्यास्त दहा-बारा मिनिटांनी पुढे जायचा आणि तो डोळ्यांसमोर समुद्रात बुडताना दिसायचा. शरीरालाही सवय व्हायला वेळ मिळायचा. विमानाने प्रवासाचे पंधरा दिवस पाच तासांवर आणले आणि पंधरा दिवसांत हळूहळू पडणारा फरक एकाच दिवसावर येऊन बसला.

आजही अंतराची एक गंमत उरली आहेच. नांदेडहून निघालेल्या माणसाला मुंबई गाठायला रेल्वेची रात्र लागते आणि तिथून जेद्दा त्याच्या निम्म्या वेळात येते. साठी ओलांडलेल्या जोडप्याला उमराहच्या प्रवासात खरा थकवा येतो तो गाव ते विमानतळ या टप्प्यात, आणि त्यानंतर विमानतळावर तीन-चार तास ताटकळण्यात.

उंचीवर सूर्य उशिरा मावळतो

विमानात मगरिब पुढे जाण्याचे आणखी एक कारण आहे, उंची. माणूस जितका उंच जाईल तितके त्याचे क्षितिज दूर जाते. साधारण ११ किलोमीटर उंचीवरून उडणाऱ्या विमानातून सुमारे पावणेचारशे किलोमीटरपर्यंतचे क्षितिज दिसू शकते. जमिनीवरच्या माणसासाठी बुडालेला सूर्य वरच्या माणसाला अजून दिसत असतो. हा फरक आपल्या भागात साधारण पंधरा मिनिटांचा होतो. म्हणजे विमान जागच्या जागी तरंगत राहिले असते, तरी त्यातल्या रोजेदाराला खालच्या गावापेक्षा पंधरा मिनिटे जास्त थांबावे लागले असते.

हा प्रश्न इमारतीतही पडू शकतो हे दुबईने दाखवून दिले. ८२८ मीटर उंचीच्या बुर्ज खलिफाबद्दल तिथल्या धार्मिक अधिकाऱ्यांनी २०११ साली खुलासा केला होता. ऐंशीव्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी दोन मिनिटे उशिरा आणि एकशे पन्नासाव्या मजल्याच्या वर असणाऱ्यांनी तीन मिनिटे उशिरा रोजा सोडावा, असा तो खुलासा होता. एकाच इमारतीत, एकाच लिफ्टने जाणाऱ्या शेजाऱ्यांचे इफ्तार वेगवेगळ्या वेळी.

उंचावरून क्षितिज खाली झुकलेले दिसते, या गोष्टीचा उपयोग हजार वर्षांपूर्वी एका मुस्लिम विद्वानाने पृथ्वी मोजण्यासाठी केला होता. अल-बिरुनी हे त्यांचे नाव. भारतावरच्या त्यांच्या ग्रंथामुळे ते आपल्याकडेही ओळखीचे आहेत. आज पाकिस्तानातल्या पंजाबात असलेल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावर त्यांनी आधी डोंगराची उंची काढली, मग माथ्यावरून क्षितिज किती झुकलेले दिसते तो कोन मोजला. कोन अर्ध्या अंशाहून थोडासाच जास्त होता. तेवढ्यावरून त्यांनी पृथ्वीची त्रिज्या काढली आणि ती आजच्या आकड्याच्या खूप जवळची होती. याच अल-बिरुनींनी शहरांचे अक्षांश-रेखांश काढून गझनीहून किबला नेमका कोणत्या दिशेला येतो याचेही गणित मांडले. दोन ठिकाणांमधले अंतर आणि दिशा गोल पृथ्वीवर कशी काढायची, हा प्रश्न त्यांच्यासाठी नमाजचा प्रश्न होता. आज त्याच जातीचे गणित वैमानिकाच्या संगणकात असते.

न्यूयॉर्कची वाट उत्तरेकडून

जेद्दा तसे जवळचे. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे आणि थेट विमानाला जाताना पंधरा-सोळा तास लागतात. भिंतीवरच्या सपाट नकाशात पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती उत्तर आफ्रिकेवरून आणि अटलांटिकवरून जाते. पण गोळ्यावर दोरा ताणून पाहिला तर सर्वांत जवळची वाट मध्य आशियाच्या दिशेने वर चढून, उत्तर युरोपवरून, आइसलँडच्या बाजूने खाली उतरते. म्हणूनच न्यूयॉर्कमधल्या अनेक मशिदींत किबला ईशान्येला धरलेला असतो. मक्का तिथून नकाशावर आग्नेयेला दिसते, पण गोल पृथ्वीवर जवळची वाट ईशान्येकडूनच निघते. मुंबईत किबला जवळजवळ सरळ पश्चिमेला असल्यामुळे आपल्याला हा फरक जाणवत नाही.

प्रत्यक्षात विमान या दोऱ्याला धरून जाईलच असे नाही. वारे पाहून आणि कोणत्या देशाचे आकाश उघडे आहे ते पाहून वाट ठरते. २०१९ साली फेब्रुवारी ते जुलै पाकिस्तानचे हवाई क्षेत्र बंद होते, तेव्हा आणि पुन्हा एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांची पश्चिमेकडे जाणारी अनेक विमाने वळसा घालून गेली. दोन शेजाऱ्यांच्या भांडणाने अंतर वाढते, इंधन वाढते, आणि त्या विमानात कोणी रोजेदार असेल तर त्याचा दिवसही थोडा वाढतो.

या लांबच्या प्रवासात रोजाचा हिशेब चक्रावून टाकतो. पुन्हा विषुवदिनाचेच उदाहरण. मुंबईत पहाटे साडेपाचला सहर संपवून सकाळच्या विमानाने निघालेला माणूस न्यूयॉर्कला उतरतो तेव्हा तिथे दुपार असते. सूर्य डोक्यावर. तिथल्या मगरिबपर्यंत थांबायचे तर त्याचा रोजा तेवीस तासांहून थोडा जास्त होतो. रात्री उशिरा सुटणाऱ्या विमानात याच्या उलट. सूर्यास्त मुंबईत झालेला आणि उजाडते ते न्यूयॉर्कच्या जवळपास, त्यामुळे रात्रच जवळजवळ पावणेबावीस तासांची होते. रोजेदाराला विमानात दोन-तीन वेळा जेवून घेता येते आणि सहर अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ. न्यूयॉर्कहून सूर्योदयाला पूर्वेकडे निघालेल्या विमानात तर दिवस जेमतेम सात तासांत संपतो, कारण विमान आणि सूर्य एकमेकांच्या दिशेने धावत असतात.

उत्तरेकडे गेल्यावर आणखी एक नवल घडते. मुंबईच्या अक्षवृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग तासाला सुमारे १,५८० किलोमीटर या वेगाने फिरतो, तिथे विमान सूर्याशी शर्यत हरते. स्कॉटलंडच्या अक्षवृत्तावर हाच वेग ९०० किलोमीटरच्या आसपास येतो. तिथे पश्चिमेकडे उडणाऱ्या विमानातून सूर्य क्षितिजावर टांगल्यासारखा दिसतो, मावळतीला टेकलेला पण मावळत नसलेला. १९७६ ते २००३ या काळात प्रवासी वाहतूक करणारे काँकॉर्ड विमान तर सूर्याच्याही पुढे जायचे. संध्याकाळी लंडनहून निघालेल्या प्रवाशांना मावळलेला सूर्य पश्चिमेकडून पुन्हा वर येताना दिसे.

सवलत कोणासाठी?

मग तेवीस तास उपाशी राहायचे का? इथे अनेकांचा, विशेषतः घरातल्या मोठ्यांचा, एक गैरसमज असतो. रोजा सोडला तर पाप लागेल या भीतीने मधुमेहाचा रुग्णही विमानात पाण्याचा घोट घेत नाही. प्रत्यक्षात रमजानच्या रोजांची आज्ञा कुरआनच्या सूरह बकरात ज्या ठिकाणी आली आहे, तिथेच आजारी आणि प्रवासी माणसाला सवलतही दिलेली आहे. त्यांनी रोजा पुढे ढकलावा आणि रमजाननंतर सोयीच्या दिवशी तेवढे रोजे भरून काढावेत. याला कजा म्हणतात. ही पळवाट नाही, दिलेली सोय आहे.

प्रवासी कोणाला म्हणायचे, याचेही अंतर ठरलेले आहे. महाराष्ट्रातले बहुतेक मुसलमान हनफी मताचे आहेत आणि कोकणातले बरेचसे शाफई. दोन्हींकडे बारकावे वेगळे असले तरी हनफी उलेमा साधारणपणे अठ्ठेचाळीस मैल, म्हणजे ७७-७८ किलोमीटर, हे अंतर धरतात. काही जण ९२ किलोमीटर धरतात. हे माप पायी आणि उंटाच्या चालीने तीन दिवसांचा प्रवास किती होतो यावरून आले. विमान ते पाच-सहा मिनिटांत ओलांडते. नियम बदलला नाही, कारण प्रवासाची दगदग फक्त वेगाने मोजता येत नाही हे उलेमांनाही ठाऊक आहे.

एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. हनफी मतानुसार ज्याची पहाट स्वतःच्या गावात उजाडली, त्याने त्या दिवशी प्रवासाला निघायचे असले तरी रोजा ठेवावा. ज्याची पहाट प्रवासातच झाली, त्याला ठेवण्याची किंवा पुढे ढकलण्याची मुभा. म्हणजे मुंबईच्या माणसासाठी मुंबईहून सकाळी सुटणारे विमान आणि नांदेडहून रात्रभर प्रवास करून तेच विमान पकडणारा माणूस, या दोघांचे उत्तर वेगळे असू शकते. वाटेत प्रकृती बिघडली, तब्येतीला धोका दिसला, तर रोजा सोडता येतो. त्या रोजाची नंतर कजा करायची. कोणाच्या मनात शंका असेल तर तिकीट काढण्यापूर्वी मोहल्ल्यातल्या आलिमांना विचारून घ्यावे, विमानतळावर पोहोचल्यावर नव्हे.

प्रकृतीचा विचार याहून आधी करावा. विमानातली हवा फार कोरडी असते आणि शरीरातले पाणी नेहमीपेक्षा लवकर कमी होते. तासन्‌तास एकाच जागी बसल्याने पायांत रक्त साकळण्याचा धोका असतो आणि पाणी कमी पडले की तो वाढतो. इन्शुलिन घेणाऱ्यांची अडचण तर दुहेरी. डोस घड्याळावर बांधलेला असतो आणि घड्याळच अडीच किंवा साडेनऊ-साडेदहा तासांनी सरकते. अशा प्रवाशाने डॉक्टरांकडे जाताना तिकीट बरोबर न्यावे आणि निघण्याची व पोहोचण्याची वेळ दाखवून डोसचे वेळापत्रक लिहून घ्यावे. औषधे सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावीत.

अठ्ठावीस की एकतीस?

मोठ्या अंतराने आणखी एक कोडे घातले जाते, रोजांच्या संख्येचे. इस्लामी महिना २९ किंवा ३० दिवसांचा असतो. सौदी अरेबियात रमजान बहुतेक वेळा आपल्यापेक्षा एक दिवस आधी सुरू होतो, कारण तिथे चंद्र आधी दिसल्याचे जाहीर होते. आता भारतात रमजान सुरू करून मध्येच उमराहला गेलेल्या आणि ईद तिथेच केलेल्या माणसाचे काय? तिथला महिना २९ दिवसांचा झाला तर त्याचे रोजे २८ भरतात. याच्या उलट, सौदीत किंवा दुबईत रमजान सुरू करून ईदला घरी परतलेल्या नोकरदाराचे ३१ होऊ शकतात.

सर्वसाधारण मत असे की माणूस ज्या ठिकाणी असेल तिथल्या लोकांबरोबर रोजा ठेवावा आणि त्यांच्याबरोबर ईद करावी. २८ भरले तर नंतर एक रोजा कजा करून २९ पूर्ण करावेत. ३१ होत असतील तर एक जास्तीचा ठेवावा, सगळे गाव रोजात असताना एकट्याने ईद करू नये. तिथीचा क्षय आणि वृद्धी माहीत असलेल्या, किंवा दिनदर्शिकेत स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या पाहिलेल्या वाचकाला यात काही विचित्र वाटणार नाही. आकाशाकडे पाहून दिवस ठरवणाऱ्या सगळ्यांनाच हे कोडे कधी ना कधी सोडवावे लागते.

या कोड्याचे टोक अंतराळात गाठले गेले. सौदी राजपुत्र सुलतान बिन सलमान जून १९८५ मध्ये डिस्कव्हरी या यानातून गेले तेव्हा रमजान संपत आला होता. मलेशियाचे शेख मुझफ्फर शुकोर ऑक्टोबर २००७ मध्ये, रमजानमध्येच, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोहोचले. ते स्थानक दीड तासात पृथ्वीला फेरी घालते, म्हणजे चोवीस तासांत सोळा वेळा सूर्य उगवतो आणि मावळतो. मलेशियातल्या उलेमांनी त्यांच्यासाठी आधीच मार्गदर्शन तयार केले होते. ज्या ठिकाणाहून यान सुटले तिथल्या वेळा धराव्यात, आणि रोजे परत आल्यावर ठेवले तरी चालतील. सूर्य उपयोगाचा राहिला नाही तेव्हा उलेमांनी जमिनीवरचे एक गाव धरले.

खिडकीजवळचा माणूस

विमानात मात्र सूर्य उपयोगाचा असतो, अडचण तो पाहण्याची असते. आखाताकडे जाणाऱ्या अनेक विमानांत रमजानमध्ये रोजेदारांना खजूर, पाणी, ताक आणि थोडे खाणे असा डबा दिला जातो आणि मगरिबची घोषणाही होते. जिथे घोषणा होत नाही तिथे कर्मचाऱ्यांना विचारावे. निघण्यापूर्वी जेवण उशिरा ठेवायला सांगितले तर बहुधा ते ठेवतात. हातातल्या पिशवीत चार खजूर असले की कोणावर अवलंबून राहावे लागत नाही. फोनमधले नमाजच्या वेळांचे अ‍ॅप जमिनीवरच्या गावाची वेळ दाखवते, उंचीचा आणि वेगाचा हिशेब ते करीलच असे नाही. म्हणून शेवटचा निवाडा खिडकीचाच.

आणि खिडकी सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. मधल्या रांगेत बसलेला रोजेदार हातात खजूर धरून खिडकीजवळच्या प्रवाशाला विचारतो, “भाऊ, सूर्य बुडाला का?” तो प्रवासी साताऱ्याचा इंजिनिअर असेल, गोव्याची नर्स असेल, केरळचा सुतार असेल. पडदा वर सरकवून तो बाहेर पाहतो, म्हणतो, “अजून थोडा आहे, दोन मिनिटे थांबा.” मग दोघेही थांबतात. सूर्याची शेवटची कड गेली की तोच सांगतो, “गेला, सोडा आता.” त्याच्या शब्दावर रोजा सुटतो, आणि पहिला खजूर तोंडात टाकण्याआधी दुसरा त्याच्यापुढे धरला जातो.